राणी छाप रुपयाचे पाठभेद

आपल्या महाविद्यालयात जुन्या पोथ्यांतील पाठभेदांवर तासच्या तास चर्चा होते आणि तिला कोणी वेडेपणा म्हणत नाही. एका पोथीत एक शब्द, दुसरीत दुसरा. मूळ कोणता आणि लेखनिकाची चूक कोणती, हे ठरविण्यात विद्वानांची हयात जाते. हाच उद्योग कोणी चांदीच्या जुन्या रुपयावर भिंग धरून केला, की तो चिक्कू तरी ठरतो किंवा रिकामटेकडा तरी. हा अन्याय आहे असे मला वाटते. मात्र तो काही अंशी नाणी जमविणाऱ्यांनी स्वतःच ओढवून घेतला आहे.

नाणे ठशाने पाडतात. पोलादी ठसाही नाणी पाडून पाडून झिजतो, मग नवा घडवावा लागतो, आणि नवा जुन्याहून केसभर वेगळा उतरतो. आपण मात्र छापा की काटा एवढेच पाहतो. १८४० सालचा व्हिक्टोरिया राणीचा रुपया घ्या. एका प्रकारात राणीच्या नावाची अक्षरे डोक्यावरून सलग गेली आहेत, दुसऱ्यात ती डोक्याच्या दोन बाजूंना विभागली आहेत. १८६२ च्या रुपयाची तर मोठी गंमत आहे. पुढली दहाबारा वर्षे रुपये पडत राहिले, पण त्यांवरचे साल १८६२ च राहिले. नवे साल उमटले ते १८७४ मध्ये. मुंबईच्या टांकसाळीने तेवढ्या काळात सालाच्या खाली बारीक ठिपके घालावयास सुरुवात केली. ते ठिपके मोजून रुपया खरोखर कोणत्या वर्षी पडला हे ओळखावयाचे, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. साल खोटे बोलते आणि ठिपका खरे, असा पुरावा इतिहासाच्या विद्यार्थ्याला रोज कुठे मिळतो?

शिवराईच्या बाबतीत हा प्रश्न आणखी जिव्हाळ्याचा होतो. तांब्याच्या त्या नाण्यावर एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस 'छत्रपति'. पण कुठे 'शिव' तर कुठे 'सिव', कुठे 'पति' तर कुठे 'पती'. ठसे हातांनी कोरलेले, कोरणारे हात अनेक. कोणती शिवराई महाराजांच्या काळातली आणि कोणती नंतरच्या छत्रपतींची, याचा शोध घेताना अशी अक्षरेच हाताशी असतात.

परदेशात हा छंद चांदीच्या डॉलरवर पोसला आहे. (डॉलर म्हणजे परकी वस्तू, असे समजण्याचे कारण नाही. १८९५ पासून आपल्या फोर्टातल्या टांकसाळीतही पूर्वेकडच्या व्यापारासाठी डॉलर पडत. त्यावरील ब्रिटानियाच्या त्रिशूळाच्या मधल्या पात्यात मुंबईचा 'बी' आहे, तोही भिंगाखेरीज दिसत नाही.) अमेरिकेच्या १८७८ च्या मॉर्गन डॉलरवरील गरुडाच्या शेपटीला काही नाण्यांवर आठ पिसे आहेत, काहींवर सात. व्हॅन ॲलन आणि मॅलिस या दोघांनी असे ठशांचे भेद मोजून त्यांना क्रमांक दिले, आणि मुख्य म्हणजे ते छापून प्रसिद्ध केले. आज त्यांच्या नावांच्या आद्याक्षरांनीच ते क्रमांक ओळखले जातात. कोणीही आपले नाणे त्यांच्या यादीशी ताडून पाहावे.

आपल्याकडे घोडे पेंड खाते ते इथेच. कफ परेडच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये नाण्यांची प्रदर्शने भरतात. पवईहून कांजूरमार्ग, तिथून गाडीने सीएसटी आणि पुढे बस, असा सुट्टीचा अर्धा दिवस घालवून मी तिथे जातो. एका टेबलावर राणी छाप रुपयांचा ढीग होता, कोणताही उचला, भाव एकच. तासभर उलथापालथ केल्यावर ठिपक्यांचा एक रुपया हाती लागला. मी गप्प राहिलो आणि पैसे मोजले. याचे मला वाईट वाटत नाही. विक्रेता व्यापाराला बसला होता आणि त्याच्याही गळ्यात भिंग होते. वाईट वाटले ते नंतर. शेजारी उभ्या असलेल्या एका जुन्या संग्राहकांना मी विचारले, "असे आणखी किती प्रकार आपण पाहिलेत?" ते हसले आणि म्हणाले, "सांगितलं तर भाव वाढतील हो!" त्यांच्या वहीत वीस वर्षांच्या नोंदी आहेत म्हणे. पोथीतला पाठभेद सापडल्यावर तो कपाटात कुलूपबंद करणाऱ्या पंडिताला आपण काय म्हणू? नाशिकजवळ अंजनेरीला १९८० पासून नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. अशा वह्या तिथे का जाऊ नयेत?

कारण उशीर होतो आहे. २०२५ साली चांदी आकाशाला भिडली, आणि एका रुपयात सुमारे पावणेअकरा ग्रॅम चांदी असते. आमच्या शेजारच्या मावशींनी नातीच्या पैंजणांसाठी अकरा रुपये आटवायला काढले. सोनाराकडे नेण्यापूर्वी मला म्हणाल्या, "तू भिंग घेऊन फिरतोस ना, मग जरा बघ रे." दहा रुपये दर लक्ष्मीपूजनाला चिंच आणि रांगोळी लावून घासलेले होते. राणीचे केस सपाट झाले होते. त्यांत १८६२ चे तीन, पण सालाखाली नुसती गुळगुळीत चांदी. ठिपके होते की नव्हते, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. अकरावा सासूबाईंनी देव्हाऱ्याच्या पाटाखाली ठेवलेला, काळाकुट्ट. त्याच्यावर दोन ठिपके स्पष्ट होते.

मी त्यांना ठिपक्यांचा अर्थ सांगितला, बाजारात त्याला चांदीहून जास्त पैसे येतील हेही सांगितले, आणि अकराही रुपयांची वजने व खुणा वहीत उतरवून घेतल्या. दहा रुपयांचे पैंजण झाले. काळा रुपया मावशींनी विकला नाही. तो पुन्हा पाटाखाली गेला, आणि दिवाळीत त्याला कोणी हात लावायचा नाही, असे त्यांनी सुनेला माझ्यादेखत बजावले.