हुकूम आधी, मूल नंतर

३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी अंजनगाव इथे दौलतराव शिंद्यांच्या वतीने विठ्ठल महादेव आणि मुनशी कवलनयन यांनी आर्थर वेल्स्लीशी तह केला. आडगावची लढाई महिन्यापूर्वीच हरली होती, १५ डिसेंबरला गाविलगडही पडला होता. दुआब, भडोच, अहमदनगर गेले. शाळेच्या पुस्तकात ही यादी आपण पाठ करतो. त्या छावणीत किती भाषा वावरत होत्या, याकडे मात्र लक्ष जात नाही. दरबाराचा पत्रव्यवहार फारसीत, हिशेब मोडीत, सैनिकांचं बोलणं हिंदुस्तानीत, जिंकणाऱ्यांचा विचार इंग्रजीत. वेल्स्लीच्या त्या मोहिमेत माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा चोवीस वर्षांचा तरुण होता. सोळाव्या वर्षी हिंदुस्थानात आलेल्या या माणसाला तिथवर पोचवलं त्याच्या फारसीने.

प्रौढ माणूस परकी भाषा कशी शिकतो, याची काळजी ईस्ट इंडिया कंपनीने मनापासून घेतली. १८०० साली कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघालं, १८०५ मध्ये विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं, १८३१ मध्ये मोल्सवर्थचा कोश आला. पगार, पंडित, पुस्तक, वेळ, सगळं साहेबाला पुरवलं गेलं. त्या कोशाचं ऋण मराठीवर आजही आहे आणि ते मान्य केलंच पाहिजे. पण पुढे शिकणारा बदलला. साहेबाच्या जागी सहा वर्षांचं मूल आलं. त्याच्यासाठी अशी तयारी कुणी केली नाही; फक्त हुकूम निघत राहिले.

वऱ्हाडात त्याआधी भाषा वेगळ्या वाटेने शिकल्या जात. चक्रधरस्वामी मूळचे गुजरातचे. लोकांत फिरत, त्यांच्या ओसरीवर बसत त्यांनी जी मराठी आपलीशी केली, तिच्यातूनच लीळाचरित्रासारखा ग्रंथ उभा राहिला. अठराव्या शतकातले देवनाथ महाराज तर याच अंजनगावचे. नाथ परंपरेतल्या या कवीने मराठीबरोबर हिंदीतही रचना केल्या. श्रोता समोर असला, त्याच्याशी काही बोलायचं असलं, की भाषा येते. ही जुनी समजूत अडाणी नव्हती. बंगळूर आणि चेन्नई भागात १९७९ ते १९८४ दरम्यान एन. एस. प्रभू यांनी शाळांत जो प्रयोग केला, त्याचा गाभाही जवळपास हाच: व्याकरण पुढे न ठेवता मुलांना विचार करायला लावणारं काम द्यायचं, भाषा त्या कामातून येते. जगभरच्या भाषाशिक्षणाने त्याची दखल घेतली. आपल्या अभ्यासक्रमांनी ती किती घेतली, हे ज्याचं त्याने वर्गात डोकावून पाहावं.

आता अंजनगावाहून उत्तरेला, सातपुड्याकडे वळू. वर मेळघाट, धारणी आणि चिखलदरा तालुके. तिथल्या घराघरांत कोरकू बोलतात. ती मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीच्या गोतातली. मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही. सात लाखांहून अधिक लोकांची ही भाषा. जॉन ड्रेकने १९०३ मध्ये तिचं व्याकरण छापलं, के. एस. नागराज यांचं १९९९ मध्ये आलं. तिच्यात नामांचा मुख्य भेद सजीव-निर्जीव असा आहे, मराठीसारखी तीन लिंगं नाहीत. म्हणजे ती चिंच, तो आंबा आणि ते सीताफळ का, याचं उत्तर कोरकू मुलाच्या घरच्या भाषेत कुठेच सापडत नाही. उलट ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि त्याला वगळून 'आम्ही' हा भेद कोरकूतही आहे. हिंदी भाषक माणूस जिथे चाचपडतो, तिथे हे मूल बिनधास्त चालेल, असा अंदाज बांधता येतो. तो खरा की खोटा, हे मुलांचं बोलणं टिपून घेतल्याशिवाय कसं कळणार?

आणि त्या मुलाच्या कानावर पडणारी मराठी तरी कोणती? बाजारात, एसटीत, संत्र्याच्या बगिच्यात ते वऱ्हाडी ऐकतं. 'मले भूक लागली' असं ते म्हणालं, तर त्याने समोरच्या माणसांकडून अचूक भाषा उचलली आहे. पुस्तकात 'मला' असतं, म्हणून वहीवर लाल फुली येते. शिकणाऱ्याच्या चुका हा शिकण्याचा पुरावा असतो, असं एस. पी. कॉर्डर यांनी १९६७ मध्ये मांडलं. इथे तर चूकही नाही. मूल कोरकूतून वऱ्हाडीत आणि वऱ्हाडीतून प्रमाण मराठीत असा दुहेरी चढ चढतंय, आणि आपण त्याला कच्चं म्हणतो.

त्याच वर्गात इंग्रजीही आहे. २००० पासून ती पहिलीपासून शिकवली जाते. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने हिंदीही पहिलीपासून सक्तीची केली, १७ जूनला तो सौम्य झाला, २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द होऊन नरेंद्र जाधव यांची समिती नेमायचं ठरलं. निर्णय मागे गेला ते चांगलंच झालं. पण अडीच महिन्यांच्या त्या गदारोळात अस्मितेवर जेवढं बोललं गेलं, त्याच्या पासंगालाही पुरेल इतकं सहा वर्षांच्या मुलाच्या शिकण्यावर बोललं गेलं नाही. कॅनडातले जिम कमिन्स यांच्या अभ्यासाचं सांगणं असं, की दुसऱ्या भाषेत गप्पा मारण्यापुरती तयारी दोनेक वर्षांत होते, पण तिच्यातून गणित-विज्ञान शिकण्याइतकी पकड यायला पाच ते सात वर्षं लागतात. कोरकू मूल चौथीत मास्तरांशी फडाफडा मराठी बोलतं, आणि पाचवीच्या परीक्षेत मागे पडतं, तेव्हा बुद्धीला बोल लावण्याआधी हा हिशेब मांडायला हवा.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे, अमरावती जिल्ह्यातच. त्याने पहिलं मोठं काम हे घ्यावं: धारणी-चिखलदऱ्यातल्या पहिलीच्या मुलांचं मराठी बोलणं सलग सात वर्षं ध्वनिमुद्रित करावं, कोरकू जाणणाऱ्या तिथल्याच तरुणांना पगारी संशोधक म्हणून नेमावं आणि नोंदी शिक्षकांना खुल्या कराव्यात. पुढचा शासन निर्णय काढणाऱ्याच्या टेबलावर त्या नोंदी आधी पोचाव्यात.