‘इतर’ रकान्यातले काम

मुंबई विद्यापीठात पहिल्या आलेल्या कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण तो वर्षभराच्या परीक्षेच्या अटीवर. पुढे केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. ही कथा आपल्याकडे अनेकदा सांगितली जाते. तीत एम. श्रीनिवासय्या यांचे नाव मात्र ओझरते येते. बंगळूरला याच अध्यापकांनी या नकोशा विद्यार्थिनीला आपल्या हाताखाली घेतले आणि दूध व डाळींमधल्या प्रथिनांवर तिच्याकडून काम करून घेतले. त्या कामामुळे वर्षभराची अट निभावली आणि पुढे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. सोहोनींच्या जिद्दीची नोंद झाली, ती व्हायलाच हवी होती. पण बंद दाराची कडी आतून काढणाऱ्या माणसाची नोंद ठेवायला आपल्या संशोधन संस्था अजूनही शिकलेल्या नाहीत. हे काम म्हणजे कुणाचा चांगुलपणा नव्हे. ते संस्थेचे काम आहे आणि ते पदोन्नतीत मोजले गेले पाहिजे.

ही गरज आकड्यांतूनच दिसते. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार विज्ञान शाखेतल्या ५७.२ लाख विद्यार्थ्यांपैकी २९.८ लाख, म्हणजे निम्म्याहून अधिक, मुली आहेत. संशोधकांमध्ये स्त्रियांचे प्रमाण मात्र २०१८ मध्ये १६.६ टक्के होते. दलित आणि आदिवासी प्राध्यापकांची अव्वल संस्थांमधली संख्या तर बोटांवर मोजावी इतकी. वर्गापासून प्रयोगशाळेपर्यंतच्या वाटेवरची ही गळती थांबवतात ती फार साधी कामे. तालुक्याच्या कॉलेजातून आलेल्या मुलाच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचे इंग्रजी रात्री बसून नीट करून देणे. पाळणाघराची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर नेत राहणे. उशिरापर्यंत प्रयोग चालणाऱ्या इमारतीत मुलींचे स्वच्छतागृह कुलूपबंद का, हे प्रत्येक बैठकीत विचारत राहणे. मुलाखतीत ‘लग्नाचे काय ठरवले आहे?’ हा प्रश्न कुणी विचारला की तिथल्या तिथे थांबवणे. वर्षअखेरीच्या मूल्यमापनात शोधनिबंध, पेटंट, प्रकल्पनिधी, पीएचडीचे विद्यार्थी यांना ठसठशीत जागा असते. या कामांना फार तर ‘इतर’ असे लिहिलेला शेवटचा रकाना मिळतो.

मोजले न जाणारे काम सगळ्यांवर सारखे पडत नाही. लिंडा बॅबकॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बढतीला उपयोगी नसलेल्या कामासाठी स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक वेळा पुढे आल्या. गटात सगळे पुरुषच असले, की तेही तितक्याच तत्परतेने पुढे येत होते. म्हणजे मुद्दा स्वभावाचा नाही, अपेक्षेचा आहे. बाई आहे ना, ती करील, असे सगळेच गृहीत धरतात. परिणामी ज्यांची वाट आधीच अवघड, त्यांचाच संशोधनाचा वेळ यात जातो. पुण्यात जन्मलेल्या कणभौतिकीतज्ज्ञ रोहिणी गोडबोले यांनी हे काम अखेरपर्यंत केले. २००८ मध्ये राम रामस्वामी यांच्यासह त्यांनी संपादित केलेल्या ‘लीलावतीज डॉटर्स’ने शंभराच्या आसपास भारतीय वैज्ञानिक स्त्रियांना लोकांसमोर आणले. गोडबोलेंचा अधिकार मोठा होता, म्हणून त्यांना ते निभावले. नोकरी अजून कायम न झालेल्या सहायक प्राध्यापिकेकडून तीच अपेक्षा ठेवणे अन्याय आहे.

यावर पहिला आक्षेप गुणवत्तेचा. विज्ञानात फक्त विज्ञान पाहावे, हे तत्त्व मलाही मान्य आहे. पण आज तरी फक्त विज्ञानच पाहिले जाते का? अमेरिकेतल्या सुमारे १२ लाख डॉक्टरेटधारकांच्या प्रबंधांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. संख्येने कमी असलेल्या गटांतले संशोधक नव्या कल्पना अधिक मांडतात, पण त्या कल्पना कमी उचलल्या जातात आणि त्यांना पुढे कारकीर्दही कमी लाभते, असे त्यात आढळले. गुणवत्ता वाया जाते ती इथे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: याचेही कागदी घोडे होतील. संस्थांना स्त्री-पुरुष समानतेचे मानांकन देणाऱ्या ब्रिटनच्या ‘अथेना स्वान’ योजनेत ते घडले. २००५ मध्ये सुरू झालेल्या या मानांकनाशी २०११ मध्ये वैद्यकीय संशोधनाचा मोठा निधी जोडला गेला आणि अर्जांची रीघ लागली. पण ते अर्ज भरण्याचे कामही मुख्यतः स्त्रियांच्याच अंगावर पडल्याचे २०१६ च्या एका अभ्यासात दिसले. २०२० मध्ये निधीची ती अट काढून टाकण्यात आली. आपल्याकडची ‘गति’ योजना २०२० मध्ये ३० संस्थांपासून सुरू झाली, तीही याच वळणाची. तिथेही मान मिळतो तो संस्थेला. प्रमाणपत्र संचालकांच्या दालनात लागते, आणि ज्यांनी आकडेवारी जमवली त्यांच्या गोपनीय अहवालात त्याची ओळही नसते.

म्हणून ८ मार्चची शाल आणि श्रीफळ पुरे नाही. या कामाला मूल्यमापनात स्वतंत्र रकाना हवा, ठरलेले गुण हवेत आणि त्याच्या बदल्यात अध्यापनाच्या तासांत सूट हवी. किती बैठकांना हजेरी लावली हे त्यात विचारू नये. किती विद्यार्थी मधेच सोडून गेले नाहीत, पाळणाघर सुरू झाले का, हे विचारावे. गुण मिळू लागले, की पुरुष सहकारीही या कामाला हात लावतील. संचालकांनो, त्यासाठी संसदेत कायदा करावा लागत नाही. एक परिपत्रक पुरते, आणि ते तुमच्या सहीने निघते.