घरचा जमाखर्च : बोक्याच्या संसाराची वही

वर्षभर या पानावर आपण वाण्याची यादी, विजेचे बिल, शाळेची फी आणि घराचे हप्ते यांची तोंडमिळवणी करीत आलो. दिवाळी अंकात संपादक थोडी मोकळीक देतात. तेव्हा पाडव्याच्या वहीपूजनाचा मुहूर्त साधून यंदा एका निराळ्याच बिऱ्हाडाचा जमाखर्च वाचकांपुढे ठेवीत आहे. हे बिऱ्हाड तुमच्याच घरात नांदते आहे. त्याला भाडे नाही, पागडी नाही, सोसायटीचा मेन्टेनन्सही नाही. आईच्या नाही तर बाबांच्या मोबाईलमध्ये ते थाटलेले असते. त्यात एखादा बोका किंवा कुत्र्याचे पिल्लू राहते आणि या संसाराचा सारा भार ज्यांच्या शिरावर असतो, त्या गृहस्थांचे अथवा गृहिणीचे वय सात-आठ वर्षांचे असते.

घरात लहान मूल असेल तर टॉम नावाच्या बोक्याची ओळख करून द्यायला नको. युरोपातल्या स्लोव्हेनिया या चिमुकल्या देशातील आउटफिट७ या कंपनीने २०१० साली हा बोका बाजारात आणला. तेव्हा आपण बोललेले बारीक आवाजात परत बोलून दाखवायचे, एवढेच त्याचे काम. २०१३ साली ‘माय टॉकिंग टॉम’ निघाला आणि बोक्याला पोट आले! आता त्याला न्हाऊ घालावे लागते, दिवा मालवून निजवावे लागते आणि वेळच्या वेळी जेवू घालावे लागते. जेवण दुकानातून आणायचे. दुकानात नाणी लागतात. नाणी हवीत तर लहान लहान खेळ खेळून ती कमवायची. जाहिरात पाहिली तर आणखी थोडी पदरात पडतात. एवढ्यानेही भागले नाही तर शेवटी एक बटण असतेच. ते दाबले की खरे रुपये जातात आणि खोटी नाणी येतात.

हे ऐकून जुन्या पिढीतले वाचक म्हणतील, यात नवे ते काय? आम्हीही भातुकली खेळत होतोच की! खरे आहे. बोळक्यांत चुरमुऱ्यांचा भात शिजे, चिंचोक्यांचे पैसे होत आणि जिन्याखालच्या जागेत दुकान मांडले जाई. पण त्या बाजारात भाव कोण ठरवी? ज्याचे दुकान तो ठरवी आणि गिऱ्हाईक त्याच्याशी कडाकडा भांडे. फार महाग झाले की दुकानदारालाच खेळातून काढून टाकीत. चिंचोके संपले तर चिंचेच्या झाडाखाली हवे तितके मिळत. आणि मुख्य म्हणजे आईने जेवायला हाक मारली की बाजार उठे.

बोक्याच्या बाजारात नाणी पाडणारा, माल विकणारा आणि भाव ठरविणारा एकच असतो. त्याच्याशी घासाघीस करता येत नाही. आणि आईने कितीही हाका मारल्या तरी बाजार उठत नाही, कारण बोक्याला पुन्हा भूक लागलेली असते.

या खेळांची कुळकथा पाहिली तर हा पैसा त्यात कसा शिरला ते समजते. १९९६ साली जपानच्या बांदाई कंपनीने ‘तामागोत्ची’ काढले. अंड्याच्या आकाराचे, तीन बटणांचे, मुठीत मावेल असे ते खेळणे. त्यातल्या जीवाला भरवावे लागे, त्याची घाण काढावी लागे, आणि हयगय केली तर तो चक्क मरे. परंतु त्या पहिल्या तामागोत्चीत पैसा नव्हता. भरवणे फुकट होते. मागणी होती ती फक्त मायेची आणि लक्षाची. दुकान आणि नाणी पुढच्या आवृत्त्यांत आली. १९९९ साली इंग्लंडातल्या दोघा तरुणांनी संगणकावर ‘निओपेट्स’ सुरू केले. त्यात खेळ खेळून मुले ‘निओपॉइंट’ कमवीत आणि आपल्या प्राण्याला खाऊ घालीत. तिथे एक बँकही होती. शिल्लक ठेवली तर रोज व्याज मिळे, मात्र ते रोज आठवणीने जाऊन घ्यावे लागे. ज्यांच्या गाठी फारच थोडे असे, त्यांच्या प्राण्यांसाठी फुकट सूप वाढणारे अन्नछत्रही होते. म्हणजे खेळ मांडणाऱ्याने संसाराची काही अंगे तरी ध्यानात घेतली होती.

मोबाईल आला आणि खेळ फुकट वाटले जाऊ लागले. फुकट दिलेल्या वस्तूची किंमत कुठून तरी वसूल करावीच लागते. ती वसूल होते जाहिरातींतून आणि त्या शेवटच्या बटणातून. त्यामुळे मुलाला खर्चाची बाजू शिकवायला दुकान सदैव उघडे असते. शिल्लक टाकायला शिकवणारी बँक मात्र सहसा आढळत नाही.

तरीही हा खेळ सरसकट वाईट ठरवून मोबाईल हिसकावून घ्यावा, असे मी म्हणणार नाही. दुसऱ्याच्या भुकेसाठी आपण राबावे, आधी कमवावे आणि मग खर्चावे, टोपी घेतली तर आज मिठाई नाही, हे धडे मुलाला यातून मिळतात. आमच्या शेजारच्या आजी पोस्टातून निवृत्त झालेल्या. त्यांची आठ वर्षांची नात असाच एक कुत्र्याच्या पिल्लाचा खेळ खेळत बसली होती. आजींनी चष्मा वर करून विचारले,

“काय गं, हे तुझं पिल्लू काम काय करतं?”

“काम मी करते, आजी. ते नुसतं खातं.”

“बरं. आणि तुला पगार कोण देतं?”

या प्रश्नावर नात थांबली. पगार कोण देते, याचा तिने विचारच केला नव्हता. आजींनी जन्मभर पासबुके भरलेली. त्यांनी एक जुनी डायरी काढून दिली आणि तीन रकाने आखायला सांगितले: किती मिळाले, कशावर गेले, आणि मिळवायला किती मिनिटे लागली. हा तिसरा रकाना आपण मोठी माणसे आपल्या वहीत कधी घालत नाही. पण सगळी गंमत त्यातच होती. चार दिवसांनी वही पाहिली तर पिल्लाची लाल टोपी ९०० नाण्यांची आणि एका डावाला दोन मिनिटे खर्चून मिळणारी नाणी ३०. म्हणजे तीस डाव, म्हणजे एक तास. पोरगी डोळे विस्फारून म्हणाली, “आजी, एका तासाची टोपी!”

यानंतर तिने खेळ सोडून दिला आणि ती अभ्यासाला लागली, असे सांगितले तर तुम्हीही विश्वास ठेवणार नाही. टोपी तिने घेतलीच. मात्र पिल्लासाठी नवे घर घ्यायचा बेत तिने आपण होऊन रद्द केला. त्याला किती तास लागतील हे तिने वहीत मांडून पाहिले होते.

वाचकहो, माझ्या मते या साऱ्या प्रकरणाची किल्ली इथे आहे. खेळातल्या नाण्याची किंमत दोन प्रकारे चुकवता येते: मुलाच्या वेळाने किंवा आईबापांच्या रुपयाने. मूल एक तास खेळून टोपी मिळवते. तीच टोपी बटण दाबून एका क्षणात मिळते. म्हणजे बटण विकते ते टोपी नव्हे, वाट पाहण्यातून सुटका विकते. जाहिरातीचेही तसेच. अर्धा मिनिट जाहिरात पाहिल्याबद्दल मुलाला चार नाणी मिळतात आणि कंपनीला जाहिरातदाराकडून खरा पैसा. तेव्हा त्या अर्ध्या मिनिटात मुलाने मजुरी केली असते आणि तिचा मोबदला खोट्या नाण्यांत घेतला असतो. आजींच्या प्रश्नाचे उत्तर ते हे.

आणखी एक मेख आहे. नाणी सुटी मिळत नाहीत, थैलीने मिळतात. समजा, टोपी १२० नाण्यांची आणि थैली १०० नाण्यांची. दोन थैल्या घ्याव्या लागतात आणि ८० नाणी उरतात. उरलेली नाणी स्वस्थ बसू देत नाहीत. वाण्याकडे सुटे नसले तर तो निदान चॉकलेट तरी हातावर ठेवतो! शिवाय हा व्यवहार एकाच दिशेने चालतो. रुपयांची नाणी होतात. नाण्यांचे रुपये होत नाहीत. आणि दोन थैल्यांनंतर टोपी किती रुपयांना पडली, हे मुलाला काय, बापालाही चटकन सांगता येत नाही.

या गोंधळाची दखल मोठमोठ्या सरकारांना घ्यावी लागली आहे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲपल कंपनीविरुद्ध मांडलेल्या तक्रारीत ‘टॅप पेट हॉटेल’ या प्राण्यांच्या खेळाचे नाव आहे. एका आईने कळविले होते की, तिच्या मुलीने त्या खेळात २,६०० डॉलर खर्चले. कारण असे की, आईने एकदा पासवर्ड घातला की पंधरा मिनिटे दार उघडेच राही आणि तेवढ्यात मूल हवी तितकी खरेदी करू शके. आणि हे आईला कोणी सांगितलेले नसे. जानेवारी २०१४ मध्ये ॲपलने ग्राहकांना किमान ३ कोटी २५ लाख डॉलर परत करण्याचे मान्य केले. त्याच वर्षी गूगलनेही किमान १ कोटी ९० लाख डॉलर परत करण्याचे कबूल केले. २०१६ साली अशाच कारणावरून तिथल्या न्यायालयाने ॲमेझॉनलाही जबाबदार धरले. मार्च २०२५ मध्ये युरोपीय संघाने स्वीडनच्या ‘स्टार स्टेबल’ या घोड्यांच्या खेळाच्या कंपनीकडे बोट दाखविले आणि त्याबरोबरच साऱ्यांसाठी तत्त्वे जाहीर केली: नाण्यांबरोबर खऱ्या चलनातली किंमतही स्पष्ट दाखवावी, आणि गिऱ्हाइकाला नको असलेली जास्तीची नाणी त्याच्या गळ्यात मारू नयेत. दोन थैल्यांचे आपले गणित तिथपर्यंत पोहोचले म्हणायचे!

आपल्याकडे कार्डाला ओटीपी आणि यूपीआयला पिन लागतो, ही मोठीच सोय आहे. मात्र तो पिन आईबापांच्या डोक्यातच राहिला पाहिजे. अनेक घरांत चिरंजीवांना सातचा पाढा येत नाही, पण बाबांचा पिन तोंडपाठ असतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’ रोखण्यासाठी मार्गदर्शक नियम काढले. त्यांत फसवणुकीच्या तेरा तऱ्हा नोंदविल्या आहेत. खोटी घाई लावणे, सारखा लकडा लावणे, ‘नको’ म्हणणाऱ्याला ओशाळे करणे, या त्यांतल्याच. “फक्त आजच!” म्हणून चमकणारी पाटी मुलाच्या मोबाईलवर दिसली तर तिचे नाव आता तुम्हाला ठाऊक झाले.

पण कायदा दारापर्यंत येतो. घरात आपल्यालाच पाहावे लागते. माझ्या सूचना फार अवघड नाहीत. पहिली, मोबाईलमध्ये दर खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय असते, ती आज रात्रीच चालू करावी आणि पासवर्ड कोणाला सांगू नये. दुसरी, एक दिवस मुलाशेजारी बसून त्याचा बोका पाहावा. “बंद कर ते” म्हणण्यापूर्वी “त्याला आज काय भरवलंस?” असे विचारावे. ज्या संसाराची आपण चौकशी केली नाही, त्याच्यात काटकसर करायला सांगण्याचा अधिकार आपल्याला पोहोचत नाही. तिसरी, मिनिटांचा रकाना असलेली वही. ती मुलाने लिहावी. आपण फक्त बेरीज तपासावी. आणि खेळण्याचा वेळ आधी ठरवावा, म्हणजे तोही पैशासारखाच मोजून खर्चायचा असतो हे त्याला कळते.

चौथी सूचना काहींना पटणार नाही. मुलाने फारच हट्ट धरला, तर एकदा त्याच्या स्वतःच्या पैशांतून त्याला नाणी घेऊ द्यावी. बाबांच्या कार्डातून गेलेले ५० रुपये मुलाला दिसत नाहीत. भाऊबीजेला मामाने हातावर ठेवलेल्या नोटेतून गेलेले ५० रुपये पुढच्या भाऊबीजेपर्यंत आठवतात. ती नोट त्याने तुमच्या हातात द्यावी, आणि मगच तुम्ही बटण दाबावे. नोट परत घेऊन खिशात घालणाऱ्या मुलांची संख्या मोठी निघेल, असा माझा अंदाज आहे. मूल दहा वर्षांचे झाले असेल तर आणखी पुढे जाता येईल. दहा वर्षांवरील मुलांना आपले बचत खाते स्वतः चालविता यावे, अशी मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ पासून बँकांना दिली आहे. उरलेली ओवाळणी तिथे टाकावी आणि व्याज जमा झाले की वहीत लिहायला लावावे. बोक्याच्या दुकानात जे मिळत नाही, ते इथे मिळते.

आपली मुले उद्या अशा जगात संसार मांडणार आहेत, जिथे पैसा दिसत नाही, वाजत नाही, बोटांना लागत नाही. मोबाईलवर एक आकडा कमी होतो, इतकेच. त्या आकड्यामागे कोणाचे तरी तास आहेत, हे ज्याला लहानपणी उमगले, तो कर्ज काढतानाही विचार करील आणि दुसऱ्याच्या मजुरीचे मोल करतानाही. हे शिकायला बोका वाईट नाही. बिचारा खातो फार, पण शिकवणी फुकट देतो. मात्र शिकवणीला घरातले कोणी तरी मोठे माणूस शेजारी बसलेले असावे.

यंदा लक्ष्मीपूजनाला पाटावर घरची जमाखर्चाची वही ठेवाल, तेव्हा शेजारी ही छोटी वहीही ठेवा. आणि तिसऱ्या रकान्याची बेरीज एकदा आपल्या स्वतःच्या मोबाईलचीही करून पाहा. ती आकडेवारी मात्र या सदराकडे पाठवू नका; सगळ्या वाचकांची बेरीज मांडायला आमच्याकडे तितकी पाने नाहीत.