मावशी वाळवंटाला निघते

उतारवयात पायी चालायचे तर ते देवासाठी, ही आपल्याकडची जुनी आणि सोयीची रीत आहे. आषाढी वारीची पालखी नीरा ओलांडून लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करीत आमच्या सातारा जिल्ह्यातून पुढे जाते, तेव्हा तिच्यात साठी-सत्तरी उलटलेली माणसे इतकी दिसतात, की आळंदी ते पंढरपूर हे सुमारे अडीचशे किलोमीटर म्हाताऱ्यांसाठीच राखून ठेवले असावेत. त्यांना कोणी अडवून विचारीत नाही, "आजी, या वयात कशाला?" देवाचे नाव मध्ये आले की वयाची चौकशी बंद पडते.

माझ्या मावशीची पंचाईत झाली आहे ती इथे. "मी वाळवंटात चालायला निघालेय," असे तिने साताऱ्यात शेजारच्या काकूंना सांगितले, तेव्हा त्या बिचाऱ्यांनी चंद्रभागेचे वाळवंट समजून हात जोडले आणि तुळशीमाळ आणायला सांगितली. मावशी म्हणाली, "अहो, पंढरपूर नव्हे. जैसलमेर." काकूंचे जोडलेले हात सुटले. तिथे कोणता देव, हा त्यांचा पुढचा प्रश्न. देव नाही, वाळू आहे, हे उत्तर त्यांना अजून पटलेले नाही.

येत्या पौषात राजस्थानात, थरच्या वाळवंटात मावशी सहा दिवस पायी हिंडणार आहे. रोज बारा ते चौदा किलोमीटर. सोबत पंधरा-वीस मंडळी, मोठे सामान उंटावर, पाठीवर दिवसापुरती पिशवी, रात्री तंबू. मावशीला चौसष्ट पुरी झाली. प्राथमिक शाळेतून निवृत्त होऊन सहा वर्षे, काका जाऊन चार. मुलगा पुण्याला. साताऱ्याच्या घरात ती, एक तुळस आणि दिवसातून चारदा वाजणारा फोन.

तिचे माहेर आटपाडीचे, म्हणजे माणदेशातले. सातारा जिल्हा म्हटला की बाहेरच्या माणसाला महाबळेश्वर आणि कासची फुले आठवतात. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, आणि तोही पडला तर. शेजारचे आटपाडी आज सांगली जिल्ह्यात आहे, आणि सांगली जिल्हा तरी कुठला? १९६० पर्यंत त्याचे नाव दक्षिण सातारा असेच होते. रेघा कागदावर बदलल्या. कुसळे, बाभळी आणि रिकामी माणगंगा दोन्हीकडे तीच राहिली. १९७२ च्या दुष्काळात मावशी अकरा वर्षांची होती. आई खडी फोडायला जायची आणि पाणी आणणे मावशीकडे. पहाटे एक खेप, शाळा सुटल्यावर दुसरी.

मी तिला विचारले, "एवढी तंगडतोड करायची हौस आताच का आली तुला?"

"अरे, लहानपणी पाण्यासाठी जेवढी चालले, तेवढ्यात जैसलमेर दोनदा झालं असतं. तेव्हा डोक्यावर हंडा होता. खाली बघून चालावं लागायचं. आता जरा इकडंतिकडं बघत चालते."

यावर एम. ए.पर्यंतच्या माझ्या मराठीत मला काही उत्तर सापडले नाही.

तयारी गुढीपाडव्याला सुरू झाली, आणि ती शाळामास्तरणीच्या पद्धतीने: एक वही, तारीख, अंतर, शेरा. पहिले दोन आठवडे रोज तीन किलोमीटर, सपाट रस्त्याने, पोवई नाक्याकडे जाऊन परत. मग हळूहळू वाढ. प्रत्येक चौथा आठवडा हलका, कारण स्नायू तयार होतो तो विश्रांतीत. जून उजाडेपर्यंत ती चारभिंतीवर चढून जाऊ लागली, आणि पावसाची उघडीप मिळाली की अजिंक्यताऱ्यावर. हा किल्ला समुद्रसपाटीपासून सुमारे ३३०० फूट. साताऱ्याच्या लोकांना चढाचे काही वाटत नाही. २०१२ पासून तर यवतेश्वरच्या घाटात दरसाल हजारो माणसे अर्धी मॅरेथॉन पळायला येतात. पण मावशीचे म्हणणे असे, की चढताना फक्त दम लागतो, गुडघ्याचा खरा हिशेब उतरताना होतो. मांडीपुढचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला भार तोलावा लागतो, आणि तो कमजोर असला की सारा धक्का सांध्यावर. म्हणून तिने उतरण्याचा वेगळा सराव केला: लहान पावले, गुडघा किंचित वाकलेला, हातात काठी. पाठीवरच्या पिशवीत आधी दोन किलो तांदूळ, मग चार.

घरी रोज खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, ओट्याला धरून टाचा उचलणे आणि सूर्यनमस्कार. सूर्यनमस्कार हे तिचे घरचे धन. आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती, आणि औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते. स्वतः घालीत, संस्थानातल्या शाळांतून मुलांकडून घालून घेत. १८६८ साली जन्मलेले हे राजेसाहेब १९५१ पर्यंत जगले. मावशीचे वडील त्यांच्याच अमदानीत शाळेत होते. शाळा सुटली, संस्थान गेले, नमस्कार राहिले. मावशी बारा घालते. पूर्वी पंचवीस घालायची, हे ती प्रत्येक वेळी सांगते.

साठीनंतर ताकद वाढत नसते, आहे ती पुरवून वापरायची, असा आपल्याकडे एक समज आहे. माझा मावसभाऊ तो शास्त्रासारखा मांडतो. १९९० साली अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात ८६ ते ९६ वयाच्या दहा जणांना आठ आठवडे वजने उचलण्याचा व्यायाम दिला गेला. ज्यांनी तो पुरा केला, त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हे मी त्याला फोनवर सांगितले. तो म्हणाला, "दादा, ते अमेरिकेतले." शहाण्णव वर्षांच्या मांडीला अमेरिका काय आणि आटपाडी काय! पण असो.

खरा पेच वाळूचा. घट्ट रस्त्यावर पाय जितके ढकलतो, तितके पुढे जातो. वाळूत ती खालून सरकते आणि निम्मी मेहनत तिच्यातच मुरते. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ मध्ये मोजून दाखवले, की त्याच वेगाने वाळूत चालायला दुपटीहून अधिक, कधी अडीचपटीच्याही वर शक्ती लागते. म्हणजे वाळूतले चौदा किलोमीटर हे पोवई नाक्याचे चौदा नव्हेत. आता साताऱ्यात वाळू आणायची कुठून? मावशीने माहेर गाठले. माणगंगेच्या पात्रातली पुष्कळशी वाळू गेल्या काही वर्षांत ट्रकांत बसून गावोगावच्या इमारतींना चिकटली आहे. तरी मैल-अर्धा मैलाचे तुकडे शिल्लक आहेत. मे महिन्यात भाच्याच्या घरी राहून ती रोज पहाटे तिथे जायची, त्याच पात्रात, जिथे एकेकाळी झरा उकरून वाटीने हंडा भरला होता. मी सांगलीहून एका रविवारी बघायला गेलो. बाई पुढच्या माणसाच्या पावलांत पाऊल टाकून चालायला शिकत होती. दाबलेल्या वाळूत पाय कमी रुततो. पुढचा माणूस अर्थात मी. माझे वय तिच्याहून वीस वर्षांनी कमी, आणि वीस मिनिटांनी थांबू या असे म्हणणाराही मीच.

माण-आटपाडीच्या मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. लोकांना वाटते, वाळवंटाची ही उत्तम तालीम. तसे फारसे नाही. उन्हाची सवय अंगाला दहा-पंधरा दिवसांत होते हे खरे. घाम लवकर सुटू लागतो, त्यातले मीठ कमी होते. पण ऊन सुटले की महिन्याभरात ही कमाई ओसरते. शिवाय पौषातले जैसलमेर दिवसा आपल्या हिवाळ्यासारखेच असते, आणि रात्री आठ अंशांपर्यंत उतरते. तिथे भीती उन्हाच्या भट्टीची नसून कोरड्या हवेची. घाम दिसण्याआधीच उडून जातो आणि पाणी गेल्याचे कळत नाही. त्यातून वय वाढले की तहानच मंदावते. म्हणून मावशी घड्याळ लावून थोडे थोडे पाणी पिण्याची सवय करते आहे. नुसते पाणी ढोसायचे नाही, तेही धोक्याचे. रक्तातले मीठ पातळ होते. सोबत मिठाचे ताक किंवा पुडीचे क्षारपाणी.

रक्तदाबाची तिची एक गोळी लघवीवाटे पाणी काढणारी होती. डॉक्टरांनी विचारले, "बाई, जाणारच का?" ती म्हणाली, "पैसे भरलेत." डॉक्टरांनी पट्ट्यावर चालवून हृदयाचा आलेख घेतला, गोळी बदलली, दोन महिने वहीत रक्तदाब लिहायला सांगितले. ही बदलाबदली आपल्या मनाने करायची नसते, हे मी वाचकांना आवर्जून सांगतो.

मावसभावाचा राग वाळवंटावर नाही, हे एव्हाना सर्वांच्या लक्षात आले आहे. साताऱ्याचे घर विकून आईने पुण्याला यावे, असे त्याचे दोन वर्षे चालले आहे. त्यालाही मी दोष देत नाही. रात्री अकराला आईने फोन उचलला नाही, की पुण्यात त्याची झोप जाते. गणपतीत तो तिला म्हणाला, "तिथं पडलीस तर कोण धावणार?"

"पडले तर वाळूत पडेन. तुझ्या सातव्या मजल्यावरच्या फरशीपेक्षा मऊ."

तो उठून बाहेर गेला. मावशी बराच वेळ शेंगा सोलीत बसली. मग मला हळूच म्हणाली, "परत आले ना धड, की हा विषय पुन्हा नाही निघायचा. आणि नाही जमलं, तर जाईन पुण्याला. मलाही कळायला नको का?"

दसऱ्याला तो पुन्हा आला, आणि सकाळी न बोलता तिच्याबरोबर चारभिंतीवर चढला. मध्ये दोनदा थांबला. बूट मात्र त्यानेच घेऊन दिले: नेहमीपेक्षा एक अंक मोठे, कारण दिवसभर चालून पाय सुजतो आणि नखे पुढे आपटून काळी पडतात. दोन महिने आधीच घेतले, म्हणजे जे फोड यायचे ते साताऱ्यात येतील. पाय चुरचुरला की तिथल्या तिथे थांबून पट्टी लावायची, पुढच्या झाडापर्यंत रेटायचे नाही. तिकडे पुढचे झाडही नसते.

आता वाद उरला आहे घोंगडीचा. तंबूत निजायची ऊबदार पिशवी तिथे मिळणार आहे. मावशीला माणदेशी घोंगडीच हवी. खंडाळा-फलटणकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन सह्याद्री उतरून कोकणात जातात, महिनोन्‌महिने उघड्यावर राहतात, त्यांना कोण पिशव्या देतो, असा तिचा सवाल. घोंगडी उंटावर टाका म्हटले तर तेही नको. दुपारी बसायला हाताशी पाहिजे. परवा तिने माझ्यासमोर पिशवी भरली: पाणी, घोंगडी, पायमोजे, औषधे, दशम्या, तीळ-शेंगदाण्याचे लाडू आणि मी सांगलीहून नेलेले भडंग. वाण्याच्या काट्यावर नेऊन टांगली. सहा किलो दोनशे. तिने स्वतःला घालून घेतलेली मर्यादा सहाची. दोनशे ग्रॅम कशातून काढायचे यावर तासभर खल झाला. भडंगाला हात लावू द्यायला ती तयार नाही.