गार, ग़ार आणि समुद्राची गुहा



मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला ‘गार’ शब्दाचा अर्थ विचारा. तो म्हणेल, थंड. वळवाच्या दिवसांत विचाराल तर आभाळातून पडणारी गारही सांगेल. तोच मुलगा संध्याकाळी मकतबमध्ये ‘ग़ार-ए-हिरा’ शिकून आलेला असतो. पण इथला ग़ार म्हणजे गुहा, हे त्याला कोणी वेगळे करून सांगितलेले नसते. हिराच्या डोंगरावर फार थंडी असेल, असे त्याने मनाशी धरलेले असते. वर्गात असे उत्तर आम्ही एकदा नव्हे, अनेकदा ऐकले आहे.

या सदरात आपण बहुधा शाळा, अभ्यास आणि घर यांविषयी बोलतो. या महिन्यात जरा समुद्रावर जाऊ. पण जाऊ याच शब्दाचे बोट धरून.

आमची भाची माल्टात नर्स आहे. मे महिन्याच्या सुट्टीत तिच्याकडे जाण्याचा योग आला. माल्टा हा सिसिलीच्या दक्षिणेला भूमध्य समुद्रातला छोटा बेटांचा देश. क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळपास निम्मे. या बेटांचे कडे चुनखडीचे, आणि त्यांच्या पायथ्याशी लाटांनी कोरलेल्या गुहा. त्यांतल्या ‘ब्लू ग्रोटो’ नावाच्या गुहा पाहायला होड्या निघतात त्या जागेचे नाव ‘विएद इझ-झुर्रिए’. भाचीने ‘विएद’चा अर्थ दरी असा सांगितला, आणि आम्ही कान टवकारले. ही तर आपली ‘वादी’!

तिथे तिकीट माणशी असते आणि एका लहान होडीत आठ-नऊ जण बसतात. आम्ही लहानमोठे धरून सातजण होतो. उरलेल्या जागांचे पैसे आपणच भरून पूर्ण होडी घ्यावी, असे भाचीने सुचवले. हा इसराफ़ तर नाही ना, असा प्रश्न घरात निघालाच, आणि तो निघायलाही हवा. पण सत्तरी ओलांडलेल्या अम्मींचे गुडघे, होडीत उतरायला त्यांना लागणारा वेळ, अनोळखी माणसांत खेटून बसण्याचा मुलींचा संकोच, हे सारे पाहता आम्ही होकार दिला. त्या दिवसाचे बाहेरचे जेवण रद्द करून डबा नेला. खर्च करायचाच तर तो दिखाव्यासाठी नव्हे, सोयीसाठी करावा, एवढाच आमचा हिशेब.

पहिल्या दिवशी मात्र धक्क्यावरूनच परतावे लागले. आकाश निरभ्र, ऊन लख्ख, वरून पाहता समुद्रही काही फार खवळलेला दिसत नव्हता. तरी होड्या ओढून वर ठेवलेल्या. नावाड्याने एकच शब्द उच्चारला, ‘श्लॉक’. मुलांना तो ‘श्लोक’ ऐकू आला आणि ती हसू लागली. श्लॉक म्हणजे आग्नेयेकडून येणारा वारा. धक्का बेटाच्या दक्षिण बाजूला, उघड्या समुद्रावर. त्या बाजूचा वारा सुटला की लाटा थेट गुहांच्या तोंडात घुसतात, आणि आत गेलेली होडी खडकावर आपटू शकते. वायव्येचा वारा असेल तर बेट स्वतःच आडोसा होते आणि हाच किनारा शांत राहतो. तो एक शब्द कळला की दोन गोष्टी कळतात: आज का जायचे नाही, आणि कधी यायचे. आम्ही हुज्जत घातली नाही. समुद्रावर शेवटचा शब्द नाखव्याचा असतो, हे कोकणातल्या माणसाला सांगावे लागत नाही.

दोन दिवसांनी सकाळी गेलो. सकाळचीच वेळ गाठायची, कारण सूर्य वर चढत असताना किरणे तिरपी आत शिरतात आणि पाण्याचा रंग खुलतो. नावाड्याने आधी सर्वांना लाइफ जॅकेट घातली, अम्मींच्या ओढणीवरूनच नीट बांधून दिली. अम्मींना मधल्या फळीवर बसवले, मुलांना दोन्ही बाजूंना सारखे वाटले. ‘उभे राहायचे नाही, हात होडीच्या काठाबाहेर ठेवायचा नाही,’ एवढ्या दोन सूचना. बिस्मिल्लाह म्हणून निघालो.

पंधरा-वीस मिनिटांचीच फेरी. पण एका गुहेत नावाड्याने आमच्यासाठी इंजिन बंद केले, आणि पूर्ण होडी घेतल्याचे चीज झाले. मागच्या फेरीची घाई नाही, कोणाच्या फोटोसाठी वळणे नाही. पाणी खडकावर डुबुक डुबुक आपटत होते, एवढाच आवाज. पाणी असे निळे की अम्मींनी विचारले, ‘खाली दिवा लावलाय का?’

दिवा वरचाच, सूर्याचा. पांढऱ्या उन्हात सगळे रंग असतात. पाणी त्यांतला लाल-तांबडा भाग लवकर शोषते, निळा पुढे जाऊ देते. तो तळाच्या पांढऱ्या वाळूवर पडून परत वर येतो. भोवती गुहेचा काळोख असल्यामुळे तो आतून उजळल्यासारखा भासतो. सूरह कहफ़मध्ये त्या गुहेतल्या जवानांविषयी सांगताना सूर्य उगवतेवेळी त्यांच्या गुहेच्या उजवीकडून झुकून जातो आणि मावळतेवेळी डावीकडून, असे वर्णन आहे. जुम्याच्या दिवशी ही सूरह आपल्याकडे अनेक घरांत पढली जाते. गुहेचे तोंड कुठल्या दिशेला आहे आणि ऊन कसे शिरते, याकडे कुरआन आपले लक्ष वेधतो, हे त्या होडीत बसून मुलींना सांगता आले.

मग धाकटीने गुहा कशी झाली ते विचारले. लाट भेगेत शिरते तेव्हा भेगेतली हवा कोंडली जाते. लाट मागे हटली की ती एकदम सुटते. हे दिवसातून हजारो वेळा होते. सोबत वाळू-गोटे घासतात. चुनखडी तर पाण्यात थोडीथोडी विरघळतेही. भेगेची खोबण होते, खोबणीची गुहा. गुहा आरपार गेली की कमान उरते आणि एक दिवस कमानही पडते. शेजारच्या गोझो बेटावरची ‘अझूर विंडो’ ही जगभर प्रसिद्ध असलेली कमान ८ मार्च २०१७ रोजी वादळात कोसळली. आता तिथे नुसता समुद्र आहे.

परतताना नावाड्याने कड्यातल्या एका भगदाडाकडे बोट दाखवून म्हटले, ‘आर’. भाचीने वहीत तो शब्द त्यांच्या लिपीत लिहून दाखवला. माल्टी भाषा रोमन लिपीत लिहितात. या शब्दाच्या सुरुवातीला ते दोन अक्षरांची एक जोडी लिहितात. अरबीतल्या ऐन आणि ग़ैन या दोन्ही हरफांची जागा तीच घेते. आज ती जोडी बहुतेक शब्दांत उच्चारली जात नाही, नुसता स्वर लांबतो. म्हणजे लिहितात ग़ार, म्हणतात आर. आणि अर्थ? गुहा.

मग आम्हाला वेडच लागले. समुद्र म्हणजे ‘बहर’. उर्दूत अरबी समुद्राला आपण बहीरा-ए-अरब म्हणतोच. सूर्य म्हणजे ‘शेम्श’, आपला शम्स. पुस्तक ‘क्तीब’, शांती ‘स्लिएम’. समोर समुद्रात दिसणाऱ्या एकाकी बेटाचे नाव फ़िलफ़्ला. ते ‘फ़िलफ़िल’वरून पडले असे म्हणतात. हकीमसाहेबांच्या नुस्ख्यातली फ़िलफ़िल सियाह, म्हणजे काळी मिरी, ती हीच. बेटाच्या जुन्या राजधानीचे नाव तर ‘मदीना’वरूनच आलेले, म्दिना.

इतिहास थोडक्यात असा. ८७० मध्ये अरबांनी माल्टा घेतले. १०९१ मध्ये नॉर्मन आले. त्यानंतरही बराच काळ तिथे मुसलमान राहत होते. गोझोच्या संग्रहालयात मैमूना नावाच्या मुलीच्या कबरीचा संगमरवरी दगड आहे. त्यावर कूफ़ी लिपीत हिजरी ५६९, म्हणजे इसवी ११७४ ची नोंद आहे. पुढे मुसलमान उरले नाहीत, लिपी बदलली, शेजारच्या इटलीचे शब्द मोठ्या संख्येने आले. आज हा देश कॅथलिक आहे. पण हे ख्रिस्ती लोक ईश्वराला ‘अल्ला’ म्हणतात आणि ईस्टरपूर्वीच्या आपल्या उपवासाच्या काळाला ‘रन्दान’, म्हणजे आपला रमज़ान. २००४ पासून ही भाषा युरोपीय संघाची एक अधिकृत भाषाही आहे.

आम्हाला यातून एक गोष्ट स्पष्ट दिसली. भाषा कोण्या एका धर्माची जहागीर नसते. मराठी बोलली म्हणून कोणाचे मुसलमानपण कमी होत नाही, आणि उर्दू येते म्हणून कोणाचे मराठीपण कमी होत नाही. आपल्या घरांत मात्र अजून दोन टोके दिसतात. कोणी म्हणते, मराठी नोकरीपुरती. कोणी म्हणते, उर्दू आता कशाला, कुरआन तर नागरी लिपीतही मिळतो. या ओढाताणीत मुलाच्या हाती दोन अर्ध्या भाषा येतात. शब्द जातो, आणि शब्दाबरोबर त्यात साठवलेले ज्ञानही जाते.

हे नुसते शब्दांचे लाड नव्हेत. एक उदाहरण घ्या, जिवाशी संबंध असलेले. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जेमतेम वीतभर. म्हणून माल्टाच्या गुहेत पाण्याची पातळी दिवसभर जवळपास तीच राहते. भीती फक्त वाऱ्याची. आपला समुद्र तसा नाही. उधाणाच्या दिवशी मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. कोकणच्या कातळातही लाटांनी कोरलेल्या घळी आहेत. ओहोटीला जिथे मुले कोरड्या पायांनी शिरतात, तिथे काही तासांनी डोक्यावरून पाणी जाते, आणि परतीची वाट आधी बंद होते.

जुनी मराठी माणसे दोन शब्द जपून होती: उधाण आणि भांग. अमावस्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत भरती सर्वांत मोठी, ते उधाण. अष्टमीनंतरच्या एक-दोन दिवसांत सर्वांत लहान, तो भांग. आता आपल्या हिजरी तारखा त्याशेजारी ठेवा. रमज़ान ईद येते चाँद दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे अमावस्या नुकतीच उलटलेली असताना. ईद आणि बासी ईदला आपली कुटुंबे गाड्या भरून किनाऱ्यावर जातात, ते नेमके उधाणाचे दिवस! बकरी ईद दहा तारखेची, म्हणून भांगाच्या आसपास. तरी पावसाळा असेल तर समुद्र भांगालाही धोक्याचाच. ज्याला चाँदची तारीख ठाऊक आहे पण ‘उधाण’ शब्द ठाऊक नाही, त्याला हे कळत नाही. ज्याला उधाण ठाऊक आहे पण हिजरी तारीख मोजता येत नाही, त्यालाही नाही. ज्या घरात दोन्ही आहेत, त्या घराला कॅलेंडर न पाहता कळते.

तेव्हा कोणी माल्टाला जा, गोव्याला जा, नाहीतर मालवण-वेंगुर्ल्याला. होडीने खडक-गुहा पाहायच्या असतील तर या गोष्टी ध्यानात ठेवा. होडी ठरवण्याआधी नावाड्याला वारा आणि भरतीची वेळ विचारा; भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कालची वेळ आज चालत नाही. लाइफ जॅकेट प्रत्येकाला, पोहता येणाऱ्यालाही. सर्व जागांचे पैसे भरलेत म्हणून जास्त माणसे कोंबू नका. पैसे जागेचे असतात, होडीची ताकद त्याने वाढत नाही. तो ‘आज नको’ म्हणाला तर आभार माना, घासाघीस करू नका. गुहेत मोठ्याने ओरडू नका. वेंगुर्ल्यासमोरच्या बेटांवरील गुहांत पाकोळ्या घरटी करतात, तिथे शिरायचेच नाही. आणि मुलांच्या हातात मोबाइल देण्याऐवजी दहा मिनिटे त्यांचे प्रश्न ऐका.

या महिन्यात घरी एक करून पाहा. रात्री जेवणानंतर आजी-आजोबांजवळ मुलांना बसवा आणि पाणी, वारा, शेत, चूल यांचे दहा जुने शब्द लिहून घ्यायला लावा. मराठी, उर्दू, कोकणी, दखनी, जे घरात असतील ते. प्रत्येक शब्दापुढे एक ओळ: हा कधी वापरतात आणि त्याने काय कळते. उर्दू शब्द असेल तर तो उर्दू लिपीतही लिहून दाखवा. माल्टी माणसाच्या जिभेवरून ग़ैन गेला, पण लिहिण्यात राहिला, म्हणून आज तो ओळखू येतो. आपल्याकडे तो मुलांच्या जिभेवरून जात आहेच. निदान वहीत तरी राहू द्या.

अल्लाह आपल्या मुलांना दोन्ही भाषा पूर्ण देवो. आमीन.