सिकलसेल : नवा जनुकीय उपचार आणि आज तुम्हाला मिळणारे लाभ

19 नोव्हेंबर 2025 रोजी केंद्र सरकारने सिकलसेलवरील ‘बिरसा 101’ हा देशी जनुकीय उपचार जाहीर केला. दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या सरकारी संस्थेने तो विकसित केला असून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी त्यासाठी करार झाला आहे. गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांतील रुग्णांच्या घरी आता एकच प्रश्न आहे : हा उपचार आम्हाला मिळणार का?

तूर्त तो आरोग्य केंद्रात मिळत नाही. रुग्णांवरील चाचण्या आणि मंजुरी यांशिवाय कोणताही नवा उपचार सर्वांना देता येत नाही.

संगणकाचा संबंध काय?
पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. जन्मानंतर ते कमी होते. ज्यांच्यात ते जास्त टिकते, त्यांना सिकलसेलचा त्रास कमी होतो. असे का, हे शोधण्यासाठी संशोधकांनी अनेक लोकांची जनुकीय माहिती संगणकावर ताडून पाहिली. 2007-08 च्या सुमारास ‘बीसीएल11ए’ हे जनुक हाती लागले. याच शास्त्राला जैवमाहितीशास्त्र म्हणतात. त्या शोधावर आधारलेल्या ‘कॅसजेव्ही’ या उपचाराला नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रिटनने मंजुरी दिली. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर आहे. म्हणूनच स्वस्त देशी उपचाराला महत्त्व आहे.

आपली माहिती का हवी?
जगातील जनुकीय नोंदींत भारतीयांचे प्रमाण फार कमी होते. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील 10,000 भारतीयांची माहिती 9 जानेवारी 2025 रोजी संशोधकांसाठी खुली झाली. ज्या समाजांची नोंदच नाही, त्यांच्या आजारांची कारणे शोधणे अवघड जाते. मात्र ज्यांचे नमुने घेतले, त्यांच्यापर्यंत औषध परवडणाऱ्या दरात पोहोचले, तरच या कामाचे चीज होईल.

आज तुम्हाला काय मिळते?
• 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात आदिवासीबहुल भागांतील 40 वर्षांपर्यंतच्या व्यक्तींची मोफत तपासणी होते. आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा.
• पहिल्या चाचणीत दोष आढळल्यास दुसरी, खात्रीची चाचणी अवश्य करून घ्या. तुम्ही रुग्ण आहात की वाहक, हे तिच्यातूनच कळते.
• नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. लग्नाआधी किंवा मूल होऊ देण्याआधी समुपदेशन घ्या.
• रुग्णांसाठी हायड्रॉक्सियुरिया हे औषध आहे. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. गरोदर असाल किंवा मूल हवे असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.
• 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आजाराचा समावेश आहे. रुग्णांना दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

हे लक्षात ठेवा
उपचारासाठीची तपासणी आणि संशोधनासाठी नमुना देणे या वेगळ्या गोष्टी आहेत. संशोधनासाठी तुमची संमती लागते. नमुना कशासाठी हवा आणि माहिती कोण वापरणार, हे विचारणे तुमचा हक्क आहे. नकार दिला तरी तुमचे उपचार थांबवता येत नाहीत. ‘जनुक बदलून आजार बरा करतो’ असे सांगून कोणी पैसे मागितले तर देऊ नका. आधी सरकारी रुग्णालयात विचारा.