यंत्र जपानचे, फुफ्फुस वर्ध्याचे

क्षयरोग शोधण्यासाठी आता एक्स-रे यंत्रच गावात जाऊ लागले आहे. जपानच्या फुजीफिल्म कंपनीचे हातात धरून चालवायचे यंत्र जेमतेम साडेतीन किलोचे असते आणि बॅटरीवर चालते. छातीचे चित्र संगणकावर आले की कृत्रिम बुद्धिमत्तेचे, म्हणजे एआयचे सॉफ्टवेअर ते वाचते आणि क्षयरोगाची शंका किती, याचा आकडा मिनिटभरात देते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींच्या छातीच्या तपासणीसाठी अशा सॉफ्टवेअरची शिफारस केली. देशात ७ डिसेंबर २०२४ पासून निवडक जिल्ह्यांत राबवलेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेतही हातातली एक्स-रे यंत्रे आणि एआय वापरले गेले.

जिथे एक्स-रे वाचणारा तज्ज्ञ मिळत नाही, तिथे ही मोठी सोय आहे. मात्र बाहेरून आलेले तंत्रज्ञान नव्या जागी रुजते केव्हा आणि वाळते केव्हा, हे आधी समजून घ्यायला हवे. त्यासाठी जपानकडेच पाहावे. कारण एआय घेऊन तिथे जाणाऱ्या परदेशी कंपन्यांपुढे हाच प्रश्न असतो.

मुळाभोवतीची माती

जपानमध्ये सुमारे २९ टक्के लोक ६५ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाचे आहेत. १ एप्रिल २०२४ पासून तिथे डॉक्टरांच्या जादा कामावर वर्षाला साधारणपणे ९६० तासांची मर्यादा आली. रुग्ण जास्त आणि हात कमी, तेव्हा एआयची गरज उघड आहे. एआयचे संशोधन आणि वापर वाढवण्यासाठी जपानने २०२५ मध्ये कायदाही केला. तरीही परदेशी कंपनीने तयार सॉफ्टवेअर आणले आणि रुग्णालयात बसवले, असे तिथे होत नाही.

रोगनिदानाचे सॉफ्टवेअर तिथे वैद्यकीय उपकरण मानले जाते. आधी नियामक संस्थेची तपासणी, त्यासाठी जपानी भाषेतली कागदपत्रे आणि मग रुग्णालयाचा निर्णय. जपानी संस्थांत प्रस्ताव खालच्या टेबलापासून वरच्या टेबलापर्यंत फिरतो आणि प्रत्येक जण त्यावर शिक्का मारतो. त्याच्याही आधी संबंधितांशी एकेकट्याने बोलून शंका मिटवल्या जातात. या पद्धतीला ‘नेमावाशी’ म्हणतात. शब्द माळीकामातला आहे. मोठे झाड दुसरीकडे लावण्याआधी मुळांभोवती खणून त्याला तयार करणे, असा त्याचा मूळ अर्थ. झाड असेच उपटून दुसरीकडे लावले तर काय होते, हे कारंजा-आष्टीच्या संत्रा बागायतदाराला सांगायला नको.

बाहेरच्या कंपनीला हा सगळा वेळकाढूपणा वाटतो. पण याच सवयीतून एक प्रश्न तिथे वेळेत सुटला. एआय चुकले तर जबाबदार कोण? जपानच्या आरोग्य मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्येच स्पष्ट केले, की एआय मदतीला असले तरी निदानाची अंतिम जबाबदारी डॉक्टरचीच.

प्रयोगशाळेत पास, दवाखान्यात नापास

घाई केली की काय होते, याचे दाखले आशियातच आहेत. २०१६ मध्ये आयबीएमच्या ‘वॉटसन’ने टोकियो विद्यापीठाच्या रुग्णालयातील एका महिलेच्या रक्ताच्या कर्करोगाचा दुर्मीळ प्रकार दहा मिनिटांत ओळखल्याची बातमी जगभर गाजली. त्याच वॉटसनची कर्करोगावरील उपचार सुचवणारी आवृत्ती न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या रुग्णालयातील तज्ज्ञांच्या अनुभवावर घडवलेली होती. दक्षिण कोरियातील एका रुग्णालयात जठराच्या कर्करोगाबाबत तिचा सल्ला आणि तिथल्या डॉक्टरांचा निर्णय जेमतेम निम्म्या रुग्णांत जुळला. औषधे, त्यांची किंमत, उपचाराची रीत, सगळेच देशागणिक वेगळे. २०२२ मध्ये आयबीएमने आपला हा आरोग्य व्यवसाय विकून टाकला.

दुसरा दाखला थायलंडचा आहे. मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर होणारा परिणाम ओळखणारे गुगलचे सॉफ्टवेअर तिथल्या ११ दवाखान्यांत वापरून पाहिले गेले. त्याचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या सहा महिन्यांतील १,८३८ चित्रांपैकी सुमारे २१ टक्के चित्रे यंत्राने नाकारली. खोलीत पुरेसा अंधार नव्हता. इंटरनेट रखडत होते. चित्र नाकारले गेले की रुग्णाला दूरच्या रुग्णालयात जायला सांगावे लागे, मग त्याच्या डोळ्यांत काही बिघाड असो वा नसो. सॉफ्टवेअर हुशार होते, पण परिचारिकेची खोली कंपनीने पाहिलेली नव्हती.

आठ तालुक्यांचा हिशेब

आता वर्धा जिल्हा पाहू. समजा, कारंजा तालुक्यातील एका खेड्यात शिबिर झाले. एका शेतमजूर बाईच्या एक्स-रेला यंत्राने मोठा आकडा दिला. तो आकडा म्हणजे निदान नव्हे. पूर्वी होऊन बऱ्या झालेल्या क्षयरोगाचा व्रणही यंत्राला संशयास्पद वाटू शकतो. खात्रीसाठी थुंकीची जनुकीय तपासणी हवी. थुंकीचा नमुना प्रयोगशाळेत कोण नेणार? अहवाल इंग्रजी संदेशातून मुलाच्या मोबाइलवर आला आणि मुलगा पुण्यात कामाला असला, तर? कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून ती वर्ध्याला येईल का? उपचार न झालेला फुफ्फुसाच्या क्षयरोगाचा रुग्ण वर्षभरात निकटच्या ५ ते १५ जणांना संसर्ग देऊ शकतो. मिनिटभरात मिळालेला आकडा महिनाभर पडून राहिला, तर एआयने वाचवलेला वेळ कुणाच्या उपयोगी पडला?

उलट बाजूही आहे. यंत्राने ‘ठीक’ म्हटले म्हणून मानेतल्या गाठींचा किंवा मणक्याचा क्षयरोग नाही, असे होत नाही. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, ताप, वजन घटणे असेल, तर आकडा काहीही असो, डॉक्टरने रुग्ण तपासलाच पाहिजे.

बाहेरची कल्पना आपल्या मातीत रुजवण्याचा धडा याच जिल्ह्यात आहे. आरोग्य विमा ही शहरातल्या पगारदाराची, रोख हप्त्याची कल्पना. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयातील डॉ. उल्हास जाजू यांनी चार दशकांपूर्वी ती आसपासच्या खेड्यांत नेली, तेव्हा हप्ता ज्वारीत घेतला आणि तोही सुगीच्या वेळी. गावाने एकत्र येऊन सहभागी व्हायचे, हा त्यातला आग्रह होता. कल्पना बाहेरची असली तरी तिची रीत गावाची झाली.

एआयबाबतही हाच आग्रह धरता येतो. सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वी आरोग्य यंत्रणेने कंपनीला चार प्रश्न विचारावेत. ते इथल्या रुग्णांच्या एक्स-रेवर तपासले आहे का? संशयाची सीमारेषा कुठे आखायची, हे इथली थुंकी तपासणीची क्षमता पाहून ठरवले आहे का? अहवाल मराठीत आणि आशाताईच्या हाती पोहोचेल का? रुग्णांची माहिती कुठे साठवली जाईल आणि कंपनी निघून गेली तर तिचे काय? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मार्च २०२३ मध्ये आरोग्यातील एआयसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. खरेदीच्या करारात त्यांचा उल्लेख असायला हवा.

क्षयरोगाचा उपचार किमान सहा महिन्यांचा आहे. नोव्हेंबर २०२४ पासून रुग्णाला पोषणासाठी दरमहा १,००० रुपये मिळतात. औषध आहे आणि मदतही आहे. आता सॉफ्टवेअरचे यश मोजताना किती एक्स-रे वाचले, हे विचारण्यापेक्षा संशयितांपैकी किती जण औषधापर्यंत पोहोचले आणि किती बरे झाले, हे विचारावे. हा हिशेब मागणे हेच आपले नेमावाशी. त्यात थोडा वेळ गेला, तरी चालेल.